रिबका त्रिभुवन, मुक्काम पुनावळे

लग्नानंतर सहा वर्षं झाली तरी रिबकाला कुणी 'तुम्ही कोण?' असं विचारलं नव्हतं. वैजापूरकडच्या तिच्या माहेरी तशी वेळच येत नसे. गावाच्या उगवतीला चर्चवाडी, मधोमध कौलारू चर्च, पुढ्यात लिंबाचं झाड आणि भोवती वीस-पंचवीस घरं. लग्न होऊन ती दुसऱ्या तालुक्यात गेली, तर तिथंही एक चर्चवाडी होतीच. बाजारात कुणी भेटलं तर "चर्चवाडीची ना तू?" एवढंच म्हणायचं. त्यात जात, धर्म, बाप कोण, आजा कुठल्या शाळेवर मास्तर होता, सगळं येऊन जायचं. पुढं काही सांगायला लागत नसे.

मग तिचा नवरा योएल जिथं कामाला होता ते वर्कशॉप बंद पडलं. त्याच्या आयटीआयमधल्या नवनाथ नावाच्या मित्रानं चाकणच्या एका कंपनीत चिकटवून दिलं आणि पुनावळ्यात खोलीही बघून ठेवली. कंपनीची बस हायवेवरून जाते, म्हणून पुनावळे. नाताळ गावीच झाला आणि जानेवारीत योएल, रिबका आणि चार वर्षांची शारोन असं बिऱ्हाड एका टेम्पोत बसून इकडं आलं.

घरमालकीण शालनबाई. जुन्या गावातलं शेतकरी घराणं. अर्धीअधिक जमीन बिल्डरकडं जाऊन तिच्यावर टॉवर उभे राहिले होते. मालक अर्जुनराव वारले होते. शालनबाई, मुलगा जयदीप, सून स्नेहल आणि तिचं तान्हं बाळ खाली राहायचे आणि वरच्या दोन मजल्यांवर भाडेकरू. पहिल्याच दिवशी शालनबाईंनी रिबकाच्या हातात पाण्याची कळशी दिली आणि म्हणाल्या, "त्रिभुवन म्हंजी कुठलं गं तुमी? मराठवाड्याचं?"

"हो मावशी, वैजापूरकडचं."

"बरं, बरं. आमच्यात वरच्या खोलीत नांदेडचं बी हायेत."

संपलं. रिबकाला वाटलं पुढं काही विचारतील. त्यांनी विचारलं नाही आणि तिलाही सांगायचं सुचलं नाही. आणि सांगायचं तरी कसं? 'मावशी, आम्ही ख्रिस्ती आहोत बरं का' असं जिन्यात उभं राहून म्हणायचं? गावी हे वाक्य तिनं कधी उच्चारलंच नव्हतं. तिच्या जिभेला त्याची सवय नव्हती.

पहिल्या रविवारी योएलला सुट्टी होती. मोबाइलवर बघून दोघं शारोनला घेऊन रावेतकडं निघाले. रिक्षावाल्यानं मोठ्या खात्रीनं नेऊन सोडलं ते एका संताच्या नावाच्या इंग्रजी शाळेच्या फाटकाशी. वॉचमन म्हणाला, "आज सुट्टी आहे, ॲडमिशन उद्या." पुढं एकानं बोट दाखवलं त्या इमारतीत खरोखरच उपासना चालली होती, पण सगळी मल्याळममध्ये. लोक प्रेमळ. एका बाईनं शारोनला मांडीवर घेतलं. रिबका दोन तास बसली. मधूनच एखादी चाल ओळखीची वाटायची, ओठ हलायला लागायचे, आणि शब्द आले की पुन्हा अडखळायची.

दुसऱ्या रविवारी नवनाथनं कुणाकडून तरी दुसरा पत्ता आणला. हार्डवेअरच्या दुकानावर एक हॉल, आत ड्रम, गिटार, रंगीत दिवे. उपदेश हिंदीत आणि इंग्रजीत, दोन्ही एकाच वाक्यात. "जो पहली बार आए हैं, खड़े हो जाइए!" असं स्टेजवरचा तरुण म्हणाला आणि सगळा हॉल वळून त्यांच्याकडं बघायला लागला. योएल उभा राहिला, रिबका अर्धवट उठली, आणि ड्रम वाजताच शारोननं असं भोकाड पसरलं की तिला घेऊन जिना उतरावाच लागला.

घरी आल्यावर योएल म्हणाला, "जिथं मन लागेल तिथं जायचं. घाई काय आहे?"

"मन कुठं लागतंय तेच तर कळत नाहीये ना," रिबका म्हणाली. योएलला दुपारच्या शिफ्टला जायचं होतं. तो डबा घेऊन गेला.

त्याच आठवड्यात शालनबाईंनी हळदीकुंकवाला बोलावलं. गावी असं बोलावणं आलं की रिबका जायची, तिळगूळ घ्यायची, आणि पाटलीणकाकू स्वतःच तिच्यापुरता करंडा बाजूला सारायच्या. दोघींनाही त्यात काही वावगं वाटत नसे. इथं मात्र स्नेहलनं बोट हळदीत बुडवलं, कुंकवात बुडवलं आणि रिबकाच्या कपाळाकडं आणलं. रिबका मागं सरकावं की नाही या विचारात असतानाच ते टेकलंसुद्धा. वाण म्हणून स्टीलची छोटी डबी मिळाली. वर येऊन तिनं आरशात बघितलं. पुसावं तर पुसताना अपराधी वाटत होतं, ठेवावं तर ठेवताना. शेवटी तिनं तोंडच धुतलं. मग त्या डबीत साखर भरून ठेवली, आणि तेही बरोबर केलं का, हे तिला कळेना.

गुपित फोडलं शारोननं. ते काही गुपित नव्हतंच म्हणा. जिन्यात शालनबाई लसूण सोलत बसल्या होत्या आणि शारोन त्यांच्याशेजारी सालपटं गोळा करत होती. एकदम म्हणाली, "आजी, तुमचा देवबाप्पा भिंतीवर असतो. आमचा येशू आकाशात असतो. त्याला कुंकू लावत नाहीत."

शालनबाईंचे हात थांबले. त्यांनी वर बघितलं. रिबका कठड्याला धरून उभी होती. त्या लसूण तसाच टाकून उठल्या आणि घरात गेल्या.

दोन-तीन दिवस त्या वर आल्या नाहीत, हाकही मारली नाही. रिबकाचा जीव थाऱ्यावर नव्हता. खोली खाली करायला सांगतील, आता कुठं जायचं, असं ती रोज योएलला म्हणायची. शेवटी एका दुपारी शालनबाई दारात आल्या.

"पोरी, मला आधी न्हाई का सांगायचं? स्नेहलनं तुला कुंकू लावलं की गं! तुमच्यात चालत न्हाई ना ते? मी तिला लई बोलले. तुला काय पाप-बिप लागलं का त्याचं?"

रिबकाला हसावं की रडावं कळेना. "नाही हो मावशी. काही नाही लागलं."

"नक्की?"

"माझ्या माहितीप्रमाणं तरी नाही."

शालनबाई दारातच टेकल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "मंग आमच्या जुन्या गोठ्यावर दर रविवारी जमत्यात, ती तुमचीच माणसं का?"

असा तो पत्ता मिळाला. टॉवरच्या मागं ओढ्याकाठी शालनबाईंची थोडी जमीन अजून शिल्लक होती, तिच्यावर पत्र्याचा गोठा. गुरं कधीच विकली होती. कोंडीराम नावाचा लातूरकडचा एक क्रेनचालक पूर्वी त्यांच्याच खोलीत भाड्यानं राहायचा. अर्जुनरावांच्या आजारपणात त्यांना दवाखान्यात नेणं-आणणं सगळं त्यानं केलं होतं. पुढं त्यानं रविवारी चार माणसं बसवायला जागा मागितली तेव्हा शालनबाईंनी गोठ्याची किल्लीच देऊन टाकली होती.

रविवारी रिबका शारोनला घेऊन गेली. जमीन सारवलेली, वर ताडपत्री, आणि वीसेक माणसं. कुणी कंपनीत कंत्राटी, कुणी टॉवरमध्ये साफसफाईला, कुणी गवंडी. आणि सगळं मराठीत! कोंडीराम पुढं आला. रिबकानं सवयीनं "सलाम" म्हटलं, कारण तिच्याकडं ख्रिस्ती माणसं एकमेकांना सलामच करतात. तो गोंधळला आणि म्हणाला, "जय मसीह की! कुठून आलाव ताई?"

आणि तिथूनच पुन्हा सगळं चुकत गेलं. तिच्या चर्चमध्ये प्रार्थना पुस्तकातून व्हायची. धर्मगुरू, म्हणजे पाळक, एक ओळ म्हणणार, लोक एक ओळ म्हणणार, मध्ये शांतता. इथं कोंडीरामनं "चला, प्रार्थना करू" म्हटल्याबरोबर सगळे एकदम, आपापली, मोठमोठ्यानं सुरू झाले. कुणी रडत होतं, कुणी हात वर करून होतं. रिबका डोळे मिटावेत की उघडे ठेवावेत या पेचात मान खाली घालून बसली. इथं जन्मापासून ख्रिस्ती असं कुणी जवळजवळ नव्हतंच. तिनं पणजोबांपासूनचं सांगितलं तर लोक तिच्याकडं नवलानं बघू लागले. आणि तिला मात्र वाटत होतं, यांना हे सगळं माझ्यापेक्षा जास्त खरं वाटतंय की काय?

फोनवर वडिलांना सांगितलं. ते तिकडच्या चर्चचे वडीलधारे पंच. त्यांनी एकामागून एक विचारलं, "कुठल्या पंथाचे आहेत? पाळकाला दीक्षा मिळालेली आहे का? बाप्तिस्मा कसा देतात?"

"मला नाही माहीत, अण्णा."

"माहीत नाही तर जाते कशाला?"

पण पुढच्या रविवारी ती गेली.

फेब्रुवारीच्या शेवटी तिला ताप भरला. सांधे असे दुखायला लागले की कूस बदलता येईना. योएलला नव्या नोकरीत रजा मिळेना. तेव्हा गोठ्यावरची अंबुबाई आली. टॉवरमध्ये जिने पुसायचं काम करायची, पन्नाशीची, बोलायला फटकळ. रोज कामावर जाण्याआधी यायची, भाकरी थापून ठेवायची, शारोनची वेणी घालायची. दुपारी शालनबाई पेज घेऊन वर यायच्या. एका सकाळी दोघी एकाच वेळी आल्या.

अंबुबाईनं रिबकाच्या कपाळावर हात ठेवला आणि डोळे मिटून मोठ्यानं प्रार्थना सुरू केली. शालनबाई दारात पेजेचं पातेलं धरून उभ्या राहिल्या. आमेन झाल्यावर म्हणाल्या, "झालं का तुजं? मंग जरा सरक. पोरीला दृष्ट लागलीया."

"तिच्यावर प्रभूचा हात हाय, तिला दृष्ट कशी लागंल?" अंबुबाई म्हणाली.

"हात असंल की! मी कुठं न्हाई म्हणते? पर दृष्ट ती दृष्ट."

आणि त्यांनी मूठभर मीठ-मोहऱ्या रिबकाच्या अंगावरून उतरवायला सुरुवात केली. रिबका चादरीत पडून दोघींकडं बघत होती. लहानपणापासून शिकवलेलं आठवत होतं, की असल्या गोष्टींना नाही म्हणायचं असतं. पण नाही म्हणण्याइतकं त्राण तिच्या अंगात नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मनातही नव्हतं. त्या बाईनं गुडघे दुखत असताना दोन जिने चढून पेज आणली होती. तिला नाही कशी म्हणणार? तिनं डोळे मिटून घेतले. डॉक्टरच्या गोळ्या चालू होत्याच. ताप उतरला तेव्हा अंबुबाईनं देवाचे आभार मानले, शालनबाईंनी आपल्या मोहऱ्या कशा तडतडल्या ते स्नेहलला सांगितलं, आणि योएल म्हणाला डॉक्टर चांगला आहे. रिबका तिघांनाही हो म्हणाली.

ती हिंडायला-फिरायला लागली त्याच सुमारास एका संध्याकाळी जयदीप वर आला. पस्तिशीचा, पांढऱ्या कपड्यातला, बोलायला गोड. चप्पल दाराबाहेर काढून खुर्चीवर बसला.

"वहिनी, एक विचारू का? राग मानू नका. तुम्ही गोठ्यावर जाता ना? तिथं नक्की काय चालतं?"

योएल घरी नव्हता. "प्रार्थना असते, भाऊ."

"ते ठीक आहे. पण टॉवरवाल्यांची तक्रार आलीये. आवाज होतो म्हणतात. आणि दुसरं पण बोलतात. लोकांना ओढून नेतात, धर्म बदलायला लावतात, असं. मला उद्या वॉर्डात निवडणुकीला उभं राहायचंय. माझ्या जागेत हे चाललंय म्हटल्यावर लोक मला विचारणार ना?"

योएलनं सांगून ठेवलं होतं की असं कुणी विचारलं तर फार बोलायचं नाही. पण तिच्या तोंडून जे निघालं ते असं: "भाऊ, मी जन्मापासून ख्रिस्ती आहे, आणि तिथं काय चाललंय ते मलाच अजून धड कळत नाही. मी कुणाला कुठं ओढणार?"

जयदीपला हसू आलं. तो हसला, मान हलवली आणि उठला. "तुम्ही खरं बोलता, वहिनी," जाताना म्हणाला. रिबकाला वाटलं, मिटलं.

मिटलं नव्हतं. पुढच्या रविवारी गोठ्याला नवं कुलूप होतं. माणसं ओढ्याकाठच्या रस्त्यावर उभी. कुणी चांगलं लुगडं नेसून आलेलं, कुणाच्या हातात पिशवीत गुंडाळलेलं पवित्र शास्त्र. टॉवरच्या बाल्कनीतून दोघंतिघं खाली बघत होते. कोंडीराम, जो एरवी पत्रे हादरतील असा बोलायचा, तो हळूच म्हणाला, "आज घरी जावं सगळ्यांनी. भांडण नको."

कुणी हललं नाही. कुठं जायचं हेच बहुधा कुणाला सुचत नव्हतं. रिबकाला त्या सगळ्यांकडं बघताना असं वाटलं की आपल्या आतला गोंधळ बाहेर येऊन रस्त्यावर उभा राहिलाय. आणि काही विचार करायच्या आत ती बोलून गेली, "आमच्या खोलीवर या ना."

चालायला लागल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण योएलला विचारलं नाही, शालनबाईंना विचारलं नाही, आणि खोलीत पलंग ठेवल्यावर चार माणसं जेमतेम मावतात. आता थांबा म्हणावं तर मागं वीस माणसांची रांग. घराजवळ आल्यावर तिची चाल मंदावली.

शालनबाई जिन्याच्या पहिल्या पायरीवर गहू निवडत बसल्या होत्या. त्यांनी सुपातून मान वर केली आणि सगळी रांग नजरेखालून घातली. अंबुबाईपाशी थांबल्या, कोंडीरामपाशी थांबल्या.

"काय झालं?"

"कुलूप आहे, मावशी," रिबका म्हणाली. "मी यांना वर घेऊन चालले होते. तुम्हाला विचारायचं राहिलं."

आतून जयदीप बाहेर आला. "आई, मीच लावलंय कुलूप. बोललो होतो तुला."

"तू म्हनला व्हतास बघतो. लावतो म्हनला नव्हतास." शालनबाईंनी सूप बाजूला ठेवलं. कोंडीरामकडं बोट केलं. "ह्या माणसानं तुझ्या बापाला पाठीवर घेऊन दवाखान्याचा जिना चढवलाय. तू तवा पुण्यात व्हतास." मग रिबकाकडं वळल्या. "एवढी माणसं त्या खोलीत मावायची न्हाईत. गच्चीवर जा."

"आई, लोक काय म्हणतील?"

"गच्ची माझ्या नावावर हाय. आन आवाज बारीक ठेवा रं, बाळ निजलंय."

जयदीपनं गाडीची किल्ली घेतली आणि निघून गेला. तो संतापला होता की लाजला होता, हे रिबकाला समजलं नाही.

गच्चीवर पाण्याच्या टाक्यांच्या सावलीत सतरंजी घातली. त्या दिवशीची प्रार्थना कुजबुजीत झाली. कोंडीरामला हळू बोलता येईना, त्याचा आवाज मध्येच चढायचा आणि अंबुबाई त्याला ढोसायची. पण त्या कुजबुजीत रिबकाला पहिल्यांदाच डोळे मिटून बसता आलं.

हे असंच पुढं छान चाललं, असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. काही जण गच्चीवर यायला घाबरले. कोंडीरामला मोशीत जमायला जागा मिळाली आणि निम्मी माणसं त्याच्याबरोबर तिकडं गेली. तो रिबकालाही चला म्हणाला. मोशी लांब, शारोनला घेऊन दोन बस बदलायच्या. योएल म्हणाला, चाकणलाच खोली घेऊ. मग म्हणाला, नको, इथं शालनबाई आहेत. अजून ठरलेलं नाही. जयदीप जिन्यात भेटला की "काय वहिनी, बरं आहे ना?" विचारतो आणि उत्तराची वाट न बघता जातो. त्यानं गोठ्याचं कुलूप काढलं नाही, आणि गच्चीला लावलंही नाही. अंबुबाई आणि आणखी सात-आठ जण रविवारी वर येतात. पुढं होऊन चालवणारं कुणी नाही, म्हणून रिबका पवित्र शास्त्रातला उतारा वाचते. वाचून झालं की सगळे अर्थासाठी तिच्याकडं बघतात, आणि ती म्हणते, "मला एवढंच समजलं."

पुनरुत्थानाच्या सणाला, म्हणजे ईस्टरला, तिचे वडील आले. पांढरं धोतर, काळा कोट, उन्हातही गळ्यापर्यंत बटणं लावलेली. गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया ओलांडून ते सतरंजीवर बसले. सगळीकडं एकदा बघितलं आणि रिबकाला हळूच विचारलं, "पाळक कधी येणार?"

"पाळक नाहीत, अण्णा. तुम्हीच चालवा."

अण्णांनी मान वळवून जिन्याकडं बघितलं. रिबकाला वाटलं उठून जातील. मग त्यांनी चष्मा काढला, पुस्तक न उघडता तोंडपाठ असलेली जुनी उपासना सुरू केली आणि लोकांनी म्हणायच्या ओळीपाशी येऊन थांबले. त्या ओळी कुणालाच येत नव्हत्या. रिबका एकटीच बोलली. पुढच्या वेळी योएलनं साथ दिली. अंबुबाईनं अंदाजानं भलत्याच ठिकाणी जोरात "आमेन" म्हटलं. अण्णा थांबले, तिच्याकडं बघितलं, तिचं आमेन होऊ दिलं आणि मग पुढची ओळ धरली. त्यानंतर ते प्रत्येक ओळीनंतर जरा थांबू लागले, न जाणो ती पुन्हा म्हणेल म्हणून. आणि ती म्हणायचीच.

सगळं आटोपल्यावर चहा करायला रिबका खाली गेली, तर कप पुरेनात. तिनं स्नेहलचं दार वाजवलं. स्नेहल बाळाला कडेवर घेऊन आली, कपाटातले पाहुण्यांचे कप एकेक करून तिच्या हातात देत म्हणाली, "ताई, आज तुमचा कसला सण म्हणायचा?"

रिबका सांगायला लागली. सांगता सांगता एक कप घसरला, तो दोघींनी मिळून झेलला, आणि सांगायचं तसंच अर्धवट राहिलं. वरून अंबुबाई हाका मारत होती.